काले म्हणजे कधी

यशवंतमामा, माझ्या नावापुढे बी.एस्सी. ही अक्षरं लागली ती तुमच्यामुळे. सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर आईवडिलांच्याही आधी माझ्या तोंडी तुमचं नाव येतं. आईने त्याचं कधी वाईट वाटून घेतलं नाही. ती म्हणायची, "आम्ही नुसता जन्म दिला. माणूस यशवंतानं केला."

तुम्हाला माती देऊन आज आठ दिवस झाले. आपल्या ख्रिस्ती मंडळीच्या मासिकासाठी तुमच्यावर लिही, असं पाळकसाहेब म्हणाले. जन्म कुठला, बॉयलरवर किती वर्षं काढली, मंडळीची सेवा कशी केली, हे सगळं दोन पानांत मागितलं त्यांनी. मी बसलो, आणि 'ख्रिस्तवासी यशवंतराव' एवढं लिहून थांबलो. तुमच्याविषयी इतरांना सांगता येत नाही, कारण तुमच्याशीच बोलायचं राहून गेलंय. म्हणून तुमच्याशी बोलतो. मंडळीने ऐकलं तर बरंच आहे. तिने ऐकावं म्हणूनच छापायला देतोय.

तुम्ही माझे सख्खे मामा नव्हतात. नवापूरकडच्या आपल्या गावात आई तुम्हाला भाऊ मानायची, एवढंच नातं. पण मी बारावी झालो हे कळल्यावर तुम्ही सिल्वासाहून आलात, अंगणात उभे राहूनच म्हणालात, "ह्याला मी नेतो," आणि नेलंत. एक खोली, एक पडवी. खोलीतलं एकुलतं एक टेबल मला दिलंत आणि मामीचे डबे जमिनीवर आले. सकाळच्या बसने वापी, तिथून गाडीने वलसाडचं कॉलेज, आणि परत आल्यावर खडोलीच्या रंगाईच्या कारखान्यात संध्याकाळची पाळी. तीही तुम्हीच साहेबांना सांगून मिळवून दिलेली. पावसात भिजून आलो की माझा शर्ट तुम्ही बॉयलरच्या पाइपावर वाळत घालायचात. त्या शर्टाला कोळशाचा वास यायचा. वर्गातली मुलं नाक मुरडायची. मला तो वास अजूनही सणाच्या कपड्यांचा वाटतो.

तुम्हाला छापील अक्षर वाचता यायचं, तेही शास्त्रातलं, ओळीखाली बोट ठेवून. हाताने लिहिलेलं वाचता येत नसे. "छापील अक्षर देवाचं, हातचं माणसाचं. मला देवाचं तेवढं लागतं," असं म्हणून हसायचात. गावाकडची पत्रं मी वाचून दाखवायचो. आवडलं की म्हणायचात, "परत वाच." हे मी विसरलो, मामा. पुढे सांगतो.

आता छनाभाई. सांडपाण्याच्या टाकीवरचे ते जमादार. धोडिया समाजाचे, गुजराती शाळेत चार बुकं शिकलेले, बोलण्यात पन्नास टक्के थट्टा. मी नवीन असताना माझं गुजराती त्यांनीच पक्कं केलं. पहिल्याच आठवड्यात मी त्यांना विचारलं होतं, तुमच्या भाषेत काल आणि उद्या दोन्हींना 'काले'च म्हणता, मग गोंधळ होत नाही का?

"शेनो गोंधळ, शमुभाई? आमच्यात दिवस बे ज. एक आजे, नी एक काले. तुम्हा मराठी लोकांनाच लई दिवस लागतात."

"पण काले म्हणजे कधी, ते कसं कळायचं?"

"बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचं."

आणि रूपजी. किलवणीचा वारली, टाकीत उतरून गाळ काढणारा. त्याचं मूळ गाव धरणाच्या पाण्याखाली गेलं होतं. तो म्हणायचा, "माजा गाव पान्याखाली, मी टाकीखाली. आमी जुनेच शेजारी." उतरण्याआधी तो लोखंडी झाकणावर बोटांनी तीनदा टकटक करायचा आणि ओरडायचा, "कोन हाय का आंत? हाय तं भाइर ये, माला उतराचाय." सगळे हसायचे. तो हसायचा नाही. थोडा वेळ कान देऊन थांबायचा आणि मगच झाकण काढायचा.

त्या टाकीत गंधकयुक्त रंगांचं सांडपाणी यायचं. बंद राहिली की आत विषारी हवा धरायची. म्हणून कुणी उतरायच्या आदल्या दिवशी झाकण उघडून, पंखा लावून, निदान चार तास टाकीला हवा दाखवायची, असा नियम होता. काम झालं की जनावर पडू नये म्हणून झाकण पुन्हा सैल ठेवायचं आणि भिंतीवरच्या फळ्यावर खडूने लिहायचं. हे काम लॅबमधल्या शिकलेल्या माणसाचं, म्हणजे माझं. तुम्ही मला बजावलं होतं, "शम्या, ह्या कारखान्यात मशीन चुकलं तर कापड बिघडतं. हा फळा चुकला तर माणूस."

माझा निकाल लागला त्या आठवड्यातली गोष्ट. कॉलेज संपल्यापासून मी दिवसपाळीला होतो. सोमवारी रूपजी उतरणार होता. शनिवारी दुपारी मला टाकी उघडायची होती. पण वापीला एका स्टुडिओत पदवीचा काळा झगा आणि टोपी घालून फोटो काढून मिळायचा. बरोबरीच्या मुलांनी काढले होते. मला वाटलं, तो फोटो आईला पाठवावा आणि एक तुमच्या भिंतीवर लावावा. शनिवारी साडेबाराची बस गाठली तरच स्टुडिओ उघडा सापडणार होता. पंखा ओढत आणायला वेळ नव्हता. रविवारी उपासनेनंतर येऊन उघडीन, असं ठरवलं, आणि फळ्यावर गुजराती अक्षरांत तीनच शब्द लिहिले.

टांकी. हवा. काले.

लोक म्हणतात, शब्दाने घात केला. नाही मामा. मी क्रियापद गाळलं ते घाईत नाही. खडू हातात धरून मी क्षणभर थांबलो होतो. 'हवा दाखवायची' लिहिलं असतं तर कुणी विचारलं असतं, आज का नाही? 'दाखवली' लिहिलं असतं तर ते खोटं झालं असतं, आणि मी खोटं लिहिणारा मुलगा नव्हतो. म्हणून असा शब्द ठेवला की शनिवारी वाचणाऱ्याला तो उद्या वाटेल आणि सोमवारी वाचणाऱ्याला काल. दोन्हीकडून मी मोकळा. तेव्हा मला माझ्या हुशारीचं थोडं कौतुकही वाटलं. तीन वर्षं तुमच्या टेबलावर बसून मी जे काही शिकलो, त्याचा हा पहिला उपयोग.

स्टुडिओवाल्याने टोपी डावीकडे सरकवली, दिवे लावले आणि विचारलं, "फोटो क्यारे जोईए?" म्हणजे कधी हवा. मी 'काले' म्हणायला तोंड उघडलं आणि त्याने बटण दाबलं. त्या फोटोत माझे ओठ थोडे उघडे आहेत. पाहणाऱ्याला वाटतं, मुलगा हसतोय.

रविवारी उपासनेनंतर मामीने कोंबडी केली. तुम्ही मंडळीतल्या सगळ्यांना थांबवलंत. "आमच्या घरात ग्रॅज्युएट झालाय," असं तीन वेळा सांगितलंत. मी जेवलो, आडवा झालो. उठलो तेव्हा दिवेलागण झाली होती. सोमवारी लवकर जाऊ, असं म्हणालो. सोमवारची बस चुकली.

कारखान्याच्या दाराशी पोचलो तेव्हा आत फार शांत होतं. एवढ्या मोठ्या कारखान्यात सकाळी नऊला इतकं शांत कधी नसतं. नंतर छनाभाईंनी चौकशीत सांगितलं ते असं: फळा वाचला, आणि ते म्हणाले, "शमुभाई रविवारीसुद्धा येऊन गेला बिचारा." रूपजीने टकटक केली, विचारलं, कान दिला, झाकण सारलं आणि उतरला. तीन पायऱ्या उतरून हात सुटले. आवाज नाही, काही नाही. तुम्ही बॉयलर सोडून धावलात, तोंडाला ओला फडका बांधलात आणि कुणी अडवायच्या आत उतरलात. त्याला खांद्यावर घेऊन वर आलात. तो संपला होता. तुम्ही दोन दिवसांनी शुद्धीवर आलात.

चौकशीला मला बोलावलं. मी सांगितलं, पंखा अडकत होता, तो दुरुस्त करत मी शनिवारी संध्याकाळपर्यंत टाकीपाशीच बसलो होतो. जमलं नाही म्हणून 'काले' लिहिलं, म्हणजे उद्या. आणि छनाभाईंना तसं तोंडीही सांगितलं होतं. मोठे साहेब छनाभाईंकडे वळले. "इतकी वर्षं जमादारी केलीस, काले म्हणजे कधी ते कळत नाही?" छनाभाई माझ्याकडे बघत होते. फळ्याकडे नाही, साहेबांकडे नाही. माझ्या तोंडाकडे. शेवटी ते म्हणाले, "सांगितलं असेल. माझ्या ध्यानात नसेल राहिलं."

त्यांना स्वतःचीच खात्री वाटेनाशी झाली, मामा. मी त्यांची नोकरी घेतली, हे मी पुष्कळ दिवस मोजत होतो. त्यांची स्वतःवरची खात्री घेतली, हे मोजायला अकरा वर्षं लागली.

पाप एकट्याचं असतं असं मला वाटायचं. मी केलं, माझ्या जिवावर राहील, देव बघून घेईल. पण ते माझ्यापाशी राहिलंच नाही. घरभर माणसं असलेल्या घरात एखादा वास फिरावा तसं ते फिरलं. रूपजीची बायको सोनी किलवणीहून सायली गावात कामाला जाऊ लागली आणि तिच्या थोरल्या मुलीची शाळा सुटली, धाकट्यांना सांभाळायला. छनाभाईंनी तुमच्या घराच्या भिंतीला लागून पंक्चरचं दुकान टाकलं. जागा तुम्हीच दिलीत. गावातली पोरं त्यांना नाव ठेवू लागली. "काले काका, पंक्चर कधी निघेल?" आणि दुसरी ओरडायची, "काले!" आधी ते दगड उचलायचे. नंतर उचलेनासे झाले. आणखी काही वर्षांनी मोठी माणसंही त्यांना सरळ काले म्हणू लागली, थट्टा म्हणून नाही, नाव म्हणून. माझा शब्द त्यांना नाव म्हणून लागला.

आणि तुमचा आवाज गेला. ज्या आवाजावर आपली मंडळी गायची, तो. मामा, त्यानंतरचे रविवार मला अंगावर येतात. तुम्ही पूर्वीसारखेच पुढे उभे राहायचात, हाताने ठेका धरायचात, तोंड उघडायचात, आणि काही यायचं नाही. आम्ही त्या रिकाम्या जागेभोवती गायचो. पाहुणे विचारायचे, हे बुवा नुसतं तोंड का हलवतात?

आपली ती रीत, तुम्हीच घातलेली. महिन्याच्या पहिल्या रविवारी भाकर आणि द्राक्षारस घेण्याआधी प्रत्येकाने शेजाऱ्याकडे वळून विचारायचं, "माझ्याकडून काही?" म्हणजे माझ्याकडून तुला काही दुखलं, काही अन्याय झाला असला तर आत्ता सांग. शेजाऱ्याने असेल तर सांगायचं, नसेल तर म्हणायचं, "काही नाही." दुसऱ्या मंडळ्यांतले लोक आम्हाला हसायचे. इथे नवरा-बायकोची भांडणं प्रभुभोजनात मिटतात, म्हणायचे. त्या सोमवारनंतर तुम्ही नेहमी माझ्याच शेजारी बसू लागलात. तुम्ही माझ्याकडे वळायचात, ओठ हलायचे, मी म्हणायचो, "काही नाही, मामा." मग मी विचारायचो, "माझ्याकडून काही?" आणि तुमचे ओठ पुन्हा हलायचे. दोनच शब्द. मी ते 'काही नाही' असे धरायचो आणि भाकर तोंडात टाकायचो. तुमचा आवाज गेल्यामुळे मला हवं ते ऐकू येत होतं.

टाकीचं तुम्हाला आठवतं ना? अपघातानंतर तिच्यात कुणी उतरत नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत वाफ बंद झाली, सगळं निवांत झालं की झाकणाखालून आवाज यायचा. टक. टक. टक. कामगार तिकडे फिरकेनासे झाले. मी बी.एस्सी. मी सगळ्यांना समजावलं की गाळातून हवेचे बुडबुडे सुटतात, सैल झाकण उचललं जातं आणि पुन्हा पडतं. ते खरंही होतं. मग सगळ्यांची भीती जावी म्हणून मी रोज तिथे उभा राहून दाखवू लागलो. एकदा तुम्ही मागे येऊन उभे राहिलात. तेव्हा थोडी कुजबुज उरली होती तुमच्या गळ्यात.

"बुडबुडाच असेल," तुम्ही म्हणालात. "पण शम्या, तू त्याला उत्तर का देतोस?"

"मी? मी कुठे काय बोललो?"

"आवाज आला की दर वेळी म्हणतोस."

"काय म्हणतो?"

 बॉयलरकडे निघून गेलात. दुसऱ्या दिवशी मी हाताचा पंजा तोंडावर दाबून उभा राहिलो. टक. टक. टक. आणि माझ्या तळव्याला माझे ओठ दोन अक्षरांपुरते हलल्याचं कळलं.

त्यानंतर मी पडवीत तुमच्याशी वाद घालू लागलो. मी पुस्तकं वाचलेला. म्हणालो, "मामा, उगाच विचारतो. माणसाने देवाजवळ पाप कबूल केलं की संपलं ना?"

"देवाजवळ केलेली कबुली देवाला पोचते," तुम्ही म्हणालात. "किलवणीला कोण पोचवणार?"

"किलवणीचं मधेच कुठून काढलंत?"

"उदाहरण दिलं."

"पण प्रभूने सगळ्यांचं ओझं वाहिलं ना?"

"वाहिलं. म्हणून आपलं दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवायचं का?"

मग तुम्ही शास्त्रातली ती गोष्ट सांगितलीत, एकाने लुटीतली वस्तू चोरून तंबूखाली पुरली आणि लढाईत मेले ते दुसरेच. मी म्हणालो, हा जुन्या कराराचा न्याय झाला, आता कृपेचे दिवस आहेत.  "कृपा आहे म्हणून तर सांगता येतं रे," एवढं म्हणालात, आणि खोकला आला. वाद तिथेच राहिला. मला नाशिकला नोकरी लागली. मी गेलो. तुमचा वाद जिंकण्यापेक्षा तुमच्यापासून लांब राहणं सोपं होतं. वर्षातून दोनदा यायचो आणि महिन्याचा पहिला रविवार टाळून यायचो.

गेल्या महिन्यात मामीने पी.सी.ओ.वरून फोन केला. "शम्या, ह्यांचं काही खरं नाही. बोलता येत नाही, पण एकच विचारतात. पुढच्या प्रभुभोजनाला शम्या येणार का?" फोन ठेवला आणि त्याच दुपारी मी तुम्हाला पत्र लिहिलं. सगळं लिहिलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा हात मोकळा चालला. पेटीत टाकताना वाटलं, आता तुम्ही एकटेच पडवीत बसून हे वाचाल.

तुम्हाला हातचं अक्षर वाचता येत नाही, हे माझ्या मनातही आलं नाही. तुमची पत्रं वाचून दाखवणारा तुमचा ग्रॅज्युएट, त्याने नाशिकला गेल्यानंतर एकदाही विचार केला नव्हता की आता ती कोण वाचतं.

मी रविवारी दुपारी पोचलो. तुम्ही शनिवारी दुपारीच गेला होतात. गल्लीच्या तोंडाशी छनाभाई बसले होते. कुणाची तरी ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवून भोक शोधत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

"मामा गेले," ते म्हणाले. "शनिवारी. आत सगळे वाट बघतात तुझी." मग म्हणाले, "पत्र बुधवारी आलं. मीच वाचून दाखवलं. हिंदी शिकलोय ना, तुमची लिपी येते मला. मामांची सगळी पत्रं मीच वाचतो."

मी कसंबसं विचारलं, "सगळं वाचलंत?"

"बे वेळा. पहिल्यांदा मला काही समजलंच नाही. तुझं अक्षर लावण्यातच जीव गेला. मामांनी बोटाने खूण केली, परत वाच. दुसऱ्यांदा वाचताना समजलं."

घमेल्यातून एक बुडबुडा वर आला. त्यांनी त्यावर बोट ठेवलं.

"मग मामांनी मला ते तुमचं विचारलं. माझ्याकडून काही. आवाज नव्हता, पण मला समजलं. मी म्हटलं, काय मामा, तुमच्याकडून काय असणार? त्यांनी भिंतीवरच्या तुझ्या फोटोकडे हात केला. मी काढून आणला, उलटा केला. तेव्हा मी म्हटलं, हां, आहे. तुमच्याकडून आहे."

तुम्ही रडलात, असं ते म्हणाले. त्यांनी तुम्हाला पाणी पाजलं. 

"छनाभाई, मला..."

"काले बघू, शमुभाई," ते म्हणाले आणि भोकाभोवती काचकागद घासू लागले. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो. त्यांनीच शिकवलं होतं. मला काही कळलं नाही.

तो फोटो आता माझ्यासमोर आहे. फ्रेमवाले मागे खाकी कागद चिकटवून सगळं बंद करतात. तुम्ही त्या कागदाला चौकोनी खिडकी कापून घेतली होतीत, नेमकी स्टुडिओच्या शिक्क्यावर. तारीख स्वच्छ दिसते. शनिवार. मी टाकीपाशी पंखा दुरुस्त करत बसलो होतो तो शनिवार. मामी म्हणाली, फोटो आला त्या दिवसापासून ह्यांना ठाऊक होतं. मी तिला विचारलं, प्रभुभोजनाला मामा मला काय उत्तर द्यायचे? तिला तुमचे ओठ वाचता येत. ती म्हणाली, "तुला कळत नव्हतं? 'तू सांग' म्हणायचे. दर वेळी. 'तू सांग.'"

मामा, मी तुमच्यावर रागावलो आहे, हेही इथेच सांगतो. तुम्ही का नाही सांगितलंत? तुम्ही मला वाचवत होतात का? भिंतीच्या अलीकडे माझा फोटो आणि पलीकडे छनाभाई, असे अकरा वर्षं कसे झोपलात? पण राग फार वेळ टिकत नाही. कारण हिशेब शेवटी माझ्याकडेच येतो. उभ्या आयुष्यात खोटं न बोललेल्या माणसाला मी गप्प बसायला लावलं. रूपजीचा जीव, तुमचा गळा, छनाभाईंचं नाव, सोनीच्या मुलीची शाळा, आणि सगळ्यात शेवटी तुमचा चांगुलपणा. तोही माझ्या टाकीत उतरला.

तुम्हाला माती दिल्याच्या दुसऱ्या दिवशी मी किलवणीला गेलो. छनाभाई सायकल घेऊन पुढे चालले होते, मी मागे. मी त्यांना 'या' म्हटलं नव्हतं. सोनीने उभ्यानेच सगळं ऐकलं. तिची मुलगी दाराच्या चौकटीला टेकून होती, आता तिच्याच कडेवर मूल आहे. सोनी रडली नाही, शिव्या दिल्या नाहीत. छनाभाईंना तिने विचारलं, "त्यानं टकटक केली व्हती का?"

"केली होती," छनाभाई म्हणाले. "तीनदा."

मग ती माझ्याकडे वळली. "मंग आंतून कोन बोलला?"

  परत निघताना ती एवढंच म्हणाली की पुन्हा यायचं तर दिवसा ये, आणि एकटा ये. मी ह्या रविवारी जाणार आहे. त्याच्या पुढच्याही.

कारखान्याच्या जुन्या साहेबांना मी लेखी दिलं आहे. ते म्हणाले, आता ह्याचा कुणाला काय उपयोग? पंक्चरच्या दुकानावर मी सांगून आलो की ह्या माणसाचं नाव छनाभाई आहे. पोरं हसली. छनाभाईही हसले थोडे.

काल मंडळीत प्रभुभोजन होतं. तुमची जागा रिकामी ठेवली होती. मी तिच्याकडे वळलो आणि विचारलं, "माझ्याकडून काही?" शेजारच्यांना वाटलं, दुःखाने मुलाचं भान सुटलं. पण मी उत्तराची वाट पाहिली, मामा. रूपजी थांबायचा तसा, कान देऊन. ह्या वेळी मी ते माझ्या सोयीचं करून घेतलं नाही. भाकर पुढे जाऊ दिली. घेतली नाही. शास्त्रात आहे, आधी भावाकडे जाऊन समेट करायचा, आणि माझा भाऊ 'काले' म्हणाला आहे.

छनाभाईंनी ते पत्र मला परत दिलं. घडीवर ग्रीसचं बोट उमटलं आहे. पाळकसाहेब म्हणाले, एवढं छापू नये. मी छापतो आहे, एकही अक्षर न बदलता. मंडळीने ते माझ्या आवाजात वाचू नये. तुम्ही ज्या आवाजात ऐकलंत, अडखळत, अक्षर लावत, त्या आवाजात वाचावं.

*

नाशिक, सोमवार

तीर्थस्वरूप मामांस,

शमुवेलचा प्रभूमध्ये सलाम. मामींनाही सलाम.

मामींचा फोन आला. तुम्ही विचारलंत की मी येणार का. येतो. पण येण्याआधी एक गोष्ट लिहून कळवतो, कारण तुमच्यासमोर उभं राहिलो की मला ती सांगता येणार नाही. अकरा वर्षं तेच झालं.

त्या शनिवारी मी टाकीपाशी नव्हतो. मी वापीला फोटो काढायला गेलो होतो. पंखा बिघडला नव्हता. छनाभाईंना मी तोंडी काही सांगितलं नव्हतं. त्यांना जे आठवत नाही ते घडलंच नव्हतं. त्यांची आठवण चांगली आहे. फळ्यावर 'काले' मी मुद्दाम लिहिलं, दोन्ही बाजूंनी सुटावं म्हणून. रूपजी माझ्यामुळे गेला. तुमचा आवाज माझ्यामुळे गेला. मी तुम्हाला दर महिन्याला 'काही नाही' म्हणालो ते खोटं होतं.

तुम्ही मला टेबल दिलंत आणि मी त्या टेबलावर बसून हे शिकलो, ह्याची मला फार लाज वाटते. तुमच्या उपकारांची फेड ह्या जन्मी होणार नाही. क्षमा करा असं लिहायला हात धजत नाही.

मी छनाभाईंना स्वतः सांगणार आहे, आणि किलवणीलाही जाणार आहे. तोवर तुम्हाला एक हात जोडून विनंती. हे पत्र वाचून झालं की जपून ठेवा, आणि छनाभाईंना ह्यातलं एक अक्षरही कळू देऊ नका. त्यांना हे माझ्या तोंडून कळायला हवं. दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळलं तर त्यांना फार लागेल.

मी रविवारी येतो. येत्या रविवारी. काले नाही, मामा. रविवारी.

तुमचा,
शम्या